अमेरिकेत जुनी जपानी गाडी आणायची तर आधी राज्य ठरवा, मग गाडी

पुढच्या वर्षी नोकरीनिमित्त तुम्ही अमेरिकेत येणार आहात, कॅलिफोर्निया की टेक्सास हे अजून ठरलेले नाही, आणि आल्याबरोबर जपानमधून 2001 सालची निसान स्कायलाइन आर34 मागवून ती स्वतःच्या नावावर नोंदवायची, असा तुमचा बेत आहे. हे जमेल का आणि अडचणी कुठे येतात, असे तुम्ही विचारले आहे. जमेल. मी इथे आल्यावर आर34 च्या आधीच्या पिढीची आर33 मागवली आणि आजही ती चालवतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो. मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी येणारा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो म्हणजे तुमचा पत्ता कोणत्या राज्यातला असणार. गाडी देशात आणण्याची मुभा केंद्रीय कायदा देतो, पण नंबर प्लेट राज्य देते. बंदरातून सुटलेल्या गाडीला प्लेट मिळेलच असे मुळीच नाही.

केंद्रीय बाजू तशी सोपी आहे. 1988 च्या कायद्यानुसार, अमेरिकी सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी निर्मितीपासून 25 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सामान्य माणसाला आणता येत नाही, आणि 25 वर्षे झाल्यावर त्या मानकांची अट राहत नाही. हा हिशेब मॉडेलच्या वर्षावरून होत नाही, प्रत्यक्ष निर्मितीच्या तारखेवरून होतो. 2001 च्या ऑक्टोबरमध्ये बनलेली गाडी 2026 च्या ऑक्टोबरआधी बंदरात उतरली, तर ती अडकते.

नेमकी इथेच जपानी गाड्यांची गोम आहे. त्यांच्या इंजिन-कप्प्यातल्या पट्टीवर चासी नंबर आणि मॉडेल कोड असतो, पण निर्मितीचा महिना सहसा नसतो. निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा जो दाखला जपानमधून मिळतो, त्यावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, आणि तोही अनेकदा जपानी कालगणनेत. हेइसेइ 13 म्हणजे 2001. गाडी बनल्याशिवाय तिची नोंदणी होत नाही, त्यामुळे पहिल्या नोंदणीलाच 25 वर्षे होऊन गेली असतील तर वाद उरत नाही. काही जण सीटबेल्टच्या बुडाशी शिवलेल्या चिठ्ठीवरची तारीख पुरावा म्हणून पुढे करतात, पण ती बेल्टची तारीख आहे, गाडीची नव्हे. काठावरची गाडी असेल तर कंपनीकडचा निर्मितीचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रदूषणाचा नियम वेगळ्या खात्याचा आहे. तिथे मर्यादा 21 वर्षांची आहे आणि गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अपेक्षा आहे. गाडीचे वय 21 ते 25 च्या दरम्यान असले तर प्रदूषणाचे खाते हो म्हणते आणि सुरक्षेचे नाही, त्यामुळे 25 हाच आकडा धरून चाला. इंजिन बदललेली स्कायलाइन बाजारात भरपूर दिसते आणि मोहही घालते, पण पहिल्याच आयातीत तिच्या वाटेला जाऊ नका. कॅनडातल्या ओळखीच्या कोणी 15 वर्षांचा नियम सांगितला असेल, तर तो त्यांच्याकडे खरा आहे. तिथून सीमा ओलांडून इथे आणायची झाली तरी 25 वर्षेच लागतात.

आता राज्याकडे वळतो. तुमच्या यादीतली दोन राज्ये या बाबतीत दोन टोकांना आहेत. कॅलिफोर्नियात पेट्रोल गाडीला धुराच्या तपासणीतून जुनेपणामुळे मिळणारी सूट फक्त 1975 पर्यंतच्या मॉडेलना आहे. ही रेषा पक्की आहे, वर्षांगणिक पुढे सरकत नाही. त्यानंतरची आणि दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेली गाडी असेल तर तिला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून राज्याच्या मानकांत बसवून घ्यावे लागते, आणि तो खर्च कित्येकदा हौसेच्या पलीकडे जातो. टेक्सासमध्ये, ज्या मोजक्या काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) धुराची तपासणी आहे तिथेही, 25 वर्षे झालेली गाडी त्यातून सुटते, आणि खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी तर 2025 पासून बंदच झाली आहे. एकच गाडी, तेच कागद, आणि फरक एवढा! नोकरीचे ठिकाण पक्के होईपर्यंत जपानमधल्या गाड्यांच्या लिलावात बोली लावायची नाही, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

राज्ये आपले मत बदलतात, हेही ध्यानात असू द्या. ऱ्होड आयलंडने कायदेशीर मार्गाने आलेल्या केई गाड्यांची, म्हणजे जपानमधल्या सर्वांत छोट्या वर्गातल्या गाड्यांची, दिलेली नोंदणी 2021 मध्ये मागे घेतली. मॅसॅच्युसेट्सने 2024 मध्ये तशीच बंदी घातली आणि मालकांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी ती स्थगित केली. स्कायलाइन केई वर्गात बसत नाही, तरीही राज्याच्या वाहन विभागाकडून आधीच लेखी उत्तर मागवून ठेवलेले बरे.

नोंदणीसाठी वाहन विभागाच्या खिडकीवर प्रत्यक्ष काय होते, तेही सांगतो. अमेरिकी गाडीचा ओळख क्रमांक 17 अक्षरांचा असतो, तर जपानी चासी नंबर त्याहून आखूड. माझ्या गाडीचा ‘ईसीआर33’, मग आडवी रेघ आणि पुढे सहा आकडे, एवढाच आहे. कर्मचारी तो टंकित करतो, संगणक तो अपुरा ठरवतो, आणि तुमच्यामागची रांग वाढत जाते. 1981 पूर्वीच्या अमेरिकी गाड्यांचे क्रमांकही 17 अक्षरांचे नसत, त्यामुळे असा क्रमांक स्वीकारण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती ठाऊक असलेला वरिष्ठ शांतपणे मागवावा. जवळ मूळ दाखला, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, कस्टम्सचा शिक्का असलेला प्रवेश अर्ज, सुरक्षा खात्याचा एचएस-7 हा फॉर्म आणि खरेदीची पावती असावी. कस्टम्सच्या अर्जावर चासी नंबरचे एक अक्षर चुकले तरी पुढचे सगळे अडते, म्हणून तो अर्ज दाखल होण्याआधी पट्टीच्या छायाचित्राशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

गाडी निवडताना लिलावाचा तक्ता वाचायला शिका, कारण दलालाच्या वर्णनापेक्षा तो जास्त खरे बोलतो. त्यावर गाडीचे रेखाचित्र असते आणि खुणा असतात: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे पत्रा खाणारा गंज आणि ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग. दर्जाच्या जागी ‘आर’ असेल तर मूळ सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे. 4 दर्जाच्या गाडीवर दहा ‘ए’ असले तरी मी ती आनंदाने घेईन, पण खालच्या बाजूला ‘सी’ दिसला तर तिथेच थांबेन. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो आणि तोहोकू भागातल्या गाड्या मिठाच्या रस्त्यांवर हिवाळे काढतात, त्यामुळे तळाची आणि मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकांची छायाचित्रे मागितल्याशिवाय बोली लावू नका.

वाहतुकीबद्दल फार लिहीत नाही, ते काम कस्टम्स ब्रोकर करतो. फक्त कंटेनरने आणणार असाल तर आयातदाराची आगाऊ माहिती माल जहाजावर चढण्याच्या 24 तास आधी दाखल व्हावी लागते आणि चुकल्यास 5000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे ब्रोकरला वेळेत कळवा. मोटारीवरचे मूळ आयात शुल्क 2.5 टक्के आहे. 2025 मध्ये मोटारींवर लागलेल्या 25 टक्के जादा शुल्कातून 25 वर्षे जुन्या गाड्या वगळलेल्या आहेत, पण शुल्काचे नियम हल्ली भराभर बदलत असल्याने बोलीच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. गाडीला परदेशी माती चिकटलेली असता कामा नये, तेव्हा जपानमध्येच तळ धुऊन घ्या.

उजवीकडचे स्टिअरिंग इथे कायदेशीर आहे. हेडलाइटकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनलेला दिवा डाव्या कडेला उंच प्रकाश फेकतो, आणि इथे डावीकडे समोरून येणारा चालक असतो. नुसता कोन खाली करून हे पुरते सुटत नाही, योग्य दिवे बसवावे लागतात.

राहता राहिला विमा. गाडीची किंमत आधीच ठरवून तेवढ्या रकमेचा विमा देणाऱ्या, जुन्या गाड्यांच्या विमा कंपन्या सहसा दोन गोष्टी मागतात: रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि इथला वाहन चालवण्याचा पूर्वइतिहास. नव्याने आलेल्या माणसाकडे दोन्ही नसते. म्हणून आल्यावर आधी परवाना काढा, एक साधी गाडी घेऊन ती काही काळ स्वच्छ नोंदीने चालवा, आणि स्कायलाइनची बोली लावण्याआधी विम्याचा लेखी दर हातात घ्या.