रोमहून जहाजावर जाताना: रेल्वे की गाडी?

प्रश्न : येत्या सप्टेंबरात मी, माझे यजमान आणि माझ्या मोठ्या जाऊबाई असे तिघे इटलीला जाणार आहोत. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनजवळच्या हॉटेलात दोन रात्री राहून चिवितावेक्क्या बंदरातून सात रात्रींच्या समुद्रसफरीला निघायचे आहे. जहाज संध्याकाळी सहाला सुटते. माझे वय ६३, यजमानांचे ६७ आणि जाऊबाईंचे ७१ असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तीन मोठ्या बॅगा आणि तीन लहान बॅगा असे सामान असेल. यजमानांचे म्हणणे असे, की स्टेशन हॉटेलसमोरच असताना आणि माणशी पाच युरोंत रेल्वे नेत असताना खासगी गाडीवर पैसे घालवू नयेत. मुलाने चौकशी केली तेव्हा गाडीचे १७० युरो सांगितले गेले. परतीच्या दिवशी जहाज सकाळी सातला बंदराला लागते आणि विमान रात्री साडेनऊचे आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण तिघांनी जाताना गाडी करावी आणि येताना रेल्वेने यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आपल्या यजमानांचे म्हणणे चुकीचे नाही. रोम ते चिवितावेक्क्या हे अंतर सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरचे असून हा लोहमार्ग १८५९पासून चालू आहे. साध्या प्रादेशिक गाडीने तासा-सव्वा तासात पोहोचता येते, आणि सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. पाठीवर एकच पिशवी घेतलेल्या प्रवाशाला यापेक्षा चांगला मार्ग सुचवता येणार नाही. मात्र या प्रवासातला अवघड भाग रेल्वेच्या डब्यात नसतो. तो डब्यात चढण्याआधी आणि डब्यातून उतरल्यानंतर असतो.

‘स्टेशन हॉटेलसमोर आहे’ हे खरे असले, तरी चिवितावेक्क्याची गाडी हॉटेलसमोर उभी नसते. तेर्मिनीचे मुख्य फलाट एका ओळीत आहेत; पण या मार्गाच्या गाड्या बहुधा २५च्या पुढच्या फलाटांवरून सुटतात, आणि तिथे पोहोचण्यासाठी २४ क्रमांकाच्या फलाटाच्या कडेने बरेच पुढे चालत जावे लागते. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर लागतो, त्यामुळे सगळी गर्दी एकदमच तिकडे निघते. मुंबईत सीएसएमटीला लोकलच्या फलाटांकडून थेट अठरा नंबरपर्यंत सामान ओढत नेल्याचा अनुभव यजमानांना असेल, तर त्यांना याची कल्पना येईल. फरक इतकाच, की तेर्मिनीला हमाल गृहीत धरता येत नाही, आणि एका हाताने बॅग ओढताना दुसऱ्या हाताने पर्स सांभाळावी लागते, कारण खिसेकापूंचे लक्ष नेमके अशा गोंधळलेल्या प्रवाशांकडे असते.

यजमानांच्या लोकलच्या सवयीचा मला आदर आहे, पण लोकलने जाताना आपल्याबरोबर वीस-वीस किलोच्या तीन बॅगा नव्हत्या. तीन माणसांपैकी एकीने काहीच उचलायचे नाही असे धरले, तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला सहा नग येतात. काही डब्यांत चढताना पायऱ्या असतात, दुमजली डब्यात आत गेल्यावरही पायऱ्या असतात, आणि प्रादेशिक गाडीत आसन राखून ठेवता येत नाही. मागे एकदा याच मार्गावर माझ्या मोठ्या बॅगेचे एक चाक तेर्मिनीच्या फलाटावरच निखळले आणि पुढचा सगळा प्रवास ती बॅग उचलून करावा लागला. तेव्हा मी एकटा होतो, पन्नाशीही गाठलेली नव्हती, आणि तरीही जहाजावर पोहोचेपर्यंत खांदा दुखू लागला होता.

चिवितावेक्क्याला उतरल्यावर बंदर दिसते, त्यामुळे पोहोचलोच असे वाटते. स्टेशनपासून समुद्राच्या कडेने दहा-पंधरा मिनिटे चालले, की मिकेलान्जेलोच्या नावाने ओळखला जाणारा भक्कम किल्ला लागतो आणि त्याच्याजवळच बंदराचे एक प्रवेशद्वार आहे. पण हे बंदर फार लांबवर पसरलेले आहे आणि मोठी जहाजे प्रवेशद्वारापाशी नसतात. रेल्वेने आलेल्या प्रवाशांनी साधारणपणे स्टेशनवरून स्थानिक बसने लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी जायचे आणि तिथून बंदराच्या मोफत बसने आपल्या जहाजापर्यंत, अशी व्यवस्था आहे. व्यवस्था चांगली आहे, पण रेल्वेत चढणे, उतरणे, बसमध्ये चढणे, उतरणे आणि पुन्हा दुसऱ्या बसमध्ये चढणे-उतरणे असा सहा वेळा सामानाचा उचल-ठेव होतो. खासगी गाडीत तो दोनदाच होतो, तोही चालकाच्या हाताने, आणि गाडी जहाजाच्या इमारतीपर्यंत जाते.

आता पैशांचे पाहू. रेल्वे आणि बस मिळून तिघांचे वीस युरोंच्या आसपास होतील, म्हणजे गाडीसाठी जादा जाणारी रक्कम दीडशे युरो, माणशी पन्नास. ही रक्कम लहान नाही. पण ती आरामासाठीच जाते असे न मानता वेळेच्या खात्रीसाठीही जाते असे मानावे. जहाज सहाला सुटत असले, तरी प्रवाशांची नोंदणी बहुधा त्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते, आणि स्वतःच्या सोयीने येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते. त्यात इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात. संपाच्या दिवशीही प्रादेशिक गाड्या कामकाजाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत चालवण्याची हमी असते. पण आपली निघण्याची वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, म्हणजे नेमकी या दोन्ही वेळांच्या बाहेरची आहे.

मुलाला मात्र एक गोष्ट आजच विचारायला सांगावी: १७० युरोंत कोणती गाडी येणार आहे? चार आसनांच्या साध्या मोटारीत तीन माणसे सहज बसतात, पण तीन मोठ्या आणि तीन लहान बॅगा बसत नाहीत. दर मागवताना लोक माणसांची संख्या सांगतात आणि बॅगांची सांगायला विसरतात. मग हॉटेलच्या दारात चालक मान हलवतो आणि ऐन वेळी दुसरी गाडी किंवा जादा पैसे, एवढेच पर्याय उरतात. आपल्याला आठ आसनांची व्हॅन लागेल. बॅगांची संख्या आणि आकार लिहून कळवावा, महामार्गाचा टोल दरात धरला आहे का ते लेखी घ्यावे, आणि नुसते ‘बंदर’ न लिहिता जहाजाचे पूर्ण नाव लिहावे, कारण वेगवेगळी जहाजे वेगवेगळ्या धक्क्यांना लागतात. जहाज कंपनीची बस हाही एक पर्याय असतो. तिचा दर माणशी असल्याने तिघांची बेरीज करूनच व्हॅनच्या दराशी तुलना करावी.

परतीच्या दिवशी सगळेच उलटे असते. सकाळी सातला जहाज लागते, विमान रात्री साडेनऊला आहे, आणि गाडीने थेट फ्युमिचिनो विमानतळावर गेलात, तर सकाळी दहापासून तिथल्या खुर्च्यांवर बसून राहावे लागेल. आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवल्या, की जहाजाचे लोकच त्या किनाऱ्यावर उतरवतात. तिथून बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे आणि पुढे स्टेशनपर्यंत जाऊबाईंसाठी टॅक्सी करावी. भाडे मात्र बसण्याआधी ठरवून घ्यावे, कारण या छोट्या अंतराला अवाच्या सवा पैसे मागितले जातात. पहिली गाडी चुकली तरी दुसरी मिळते, घाई कशाचीच नाही. रोमला जाणारी गाडी पकडताना ती तेर्मिनीलाच संपणारी आहे याची खात्री करावी, म्हणजे शेवटच्या स्टेशनवर सावकाश उतरता येते. तेर्मिनीला सामान ठेवण्याची सोय आहे. तिथे बॅगा सोपवून दुपारी निवांत जेवावे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास लिओनार्दो एक्सप्रेसने विमानतळावर जावे. ही गाडी वाटेत कुठेही न थांबता ३२ मिनिटांत पोहोचते. तिकीट माणशी १४ युरो आहे.

छापील प्रादेशिक तिकीट घेतलेत, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. तो नसेल तर तिकीट खरे असूनही दंड होतो. संपाची घोषणा कायद्याने किमान दहा दिवस आधी करावी लागते, म्हणून ठाण्याहून निघण्यापूर्वी परतीची तारीख एकदा तपासून पाहावी. त्या दिवशी संप असेल, तर जातानाच्याच व्हॅनवाल्याला परतीचेही सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही दोघे नवविवाहित आहोत. आमचे विमान फ्युमिचिनोला सकाळी सातला उतरते आणि त्याच संध्याकाळी चिवितावेक्क्याहून जहाज आहे. दोघांकडे एकेक मध्यम बॅग आहे. आम्हालाही गाडीच करावी लागेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. आपल्यासाठी रेल्वे योग्य आहे, आणि त्यासाठी तेर्मिनीपर्यंत जाऊन परत फिरण्याचीही गरज नाही. विमानतळावरून निघणाऱ्या प्रादेशिक गाडीने त्रास्तेवेरे स्टेशनला उतरावे आणि तिथे चिवितावेक्क्याची गाडी पकडावी. मात्र सूचनाफलकावर गाडीचे शेवटचे स्टेशन लिहिलेले असते, हे लक्षात ठेवावे. ग्रोसेतो किंवा पिसा लिहिलेल्या गाड्याही चिवितावेक्क्याला थांबतात, पण थोडाच वेळ. अशा गाडीत बसलात तर एक स्टेशन आधीच बॅगा दारापाशी आणून ठेवाव्यात.

माझी काळजी आपल्या रेल्वेविषयी नाही, विमानाविषयी आहे. मधे कुठे विमान बदलायचे असेल आणि पहिल्याला उशीर झाला, तर सकाळी सातचे दुपारी तीन व्हायला वेळ लागत नाही. तिकिटात बदल करणे अजून परवडत असेल, तर एक दिवस आधी पोहोचावे आणि ती रात्र चिवितावेक्क्यातच काढावी. सकाळी बंदरापर्यंत चालत जाता येईल.