ओटा फोडण्याआधी खिडकीबाहेर बघ

स्वयंपाकघर नवं करायला काढलंस, तर हातोडा पडण्याआधी एक काम कर. एक्झॉस्टचं भोक, खिडकीवरचा छज्जा, पाइपांमागची फट, सगळीकडं चिमणीचं नाहीतर साळुंकीचं घरटं आहे का ते बघ. असलं, तर ती बाजू सोडून बाकीचं काम उरकून घे. चिमणीची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू दे.

ओट्याला कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड. चिंच, लिंबू सांडलं की डाग धरतो. आपल्या घरात चिंचेशिवाय आमटी होत नाही, तेव्हा ग्रॅनाइटच घे. उंची मात्र कॅटलॉग बघून ठरवू नकोस. परात ठेवून ज्वारीच्या दोन भाकरी थापून बघ. खांदे वर उचलावे लागले, तर ओटा तुला उंच आहे.

सिंकसमोरची खिडकी मोठी ठेव. भांडी घासताना बुलबुल, खारी दिसतात, हे सुख मॉड्युलर कपाटापायी बुजवू नकोस गं. जाळी स्टीलची लाव, नायलॉनची खार कुरतडते.

राडारोडा लिंबाच्या बुंध्याशी टाकू देऊ नकोस, मुळं गुदमरतात. आणि उन्हाळ्यात काम काढलंसच, तर पाखरांचं पाण्याचं भांडं सिमेंटच्या धुळीपासून लांब, सावलीत हलव आणि रोज धुऊन भर.