बाईक लिफ्ट घरी बनवावी की तयार घ्यावी?

तुम्ही विचारलंय की गॅरेज एका गाडीपुरतं आहे, बाईक पेट्रोल भरून साधारण 200 किलो भरते, वेल्डिंग हाताला जमतं, जमिनीवर बसून काम करून गुडघे आणि कंबर धरते. तर दुरुस्तीसाठी बाईक वर उचलून धरणारी लिफ्ट स्वतः बनवू की तयार आणू? शेवटी जुन्या जॅकमध्ये ब्रेक ऑइल घातलं तर चालेल का, हेही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो.

वर-खाली होणारी लिफ्ट हवी असेल तर तयार घ्या. हातानेच काहीतरी उभं करायची हौस असेल तर एकाच उंचीचं, न हलणारं टेबल आणि त्याला लांब रॅम्प करा. मी कात्रीची लिफ्ट (टेबलाखाली फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्या उघडत जाऊन टेबल वर उचलतात ती) घरी बनवून चार महिने वापरली आहे आणि मग ती स्वतःच्या हाताने कापून काढली आहे, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

कात्रीच्या लिफ्टमध्ये सगळ्यांचा अंदाज एकाच ठिकाणी चुकतो. बाईक 200 किलोची, वरचा पत्रा आणि फ्रेम 60 किलोची, म्हणजे 260 किलो उचलायचे. मग 2 टनाचा जॅक म्हणजे चैनच, असं वाटतं. पण टेबल पूर्ण खाली असतं तेव्हा कात्रीच्या पट्ट्या जवळजवळ आडव्या पडलेल्या असतात आणि जॅक त्यांना आडवा रेटत असतो. पट्टी जमिनीशी 10 अंशांत असेल तर 260 किलो उचलायला जवळपास 1475 किलोचा रेटा लागतो. तीच पट्टी 30 अंशांवर आली की 450 किलो, आणि 45 अंशांवर बरोबर 260. म्हणजे पहिला वीतभर उचल सगळ्यात अवघड, पुढे सगळं सोपं. आणि हा दीड टनाचा रेटा जॅकपुरता राहत नाही, तो पट्ट्यांमधून आणि सांध्यांच्या पिनांमधून जातो.

मी पिनांच्या जागी 12 मिलिमीटरचे साधे बोल्ट घातले होते. चौथ्या महिन्यात टेबल वर जाताना उजव्या बाजूने 'टक्' असा आवाज यायला लागला. तेल घातलं, आवाज गेला नाही. बोल्ट उपसून पाहिला तर पट्टी जिथे टेकत होती तिथे त्याला खाच पडली होती, नखाने चाचपता येईल एवढी. पट्टीतलं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. बाईक तेव्हा वर नव्हती, हे माझं नशीब. त्या सांध्याला 20 मिलिमीटरची, आटे नसलेली गुळगुळीत पिन हवी होती, तीही बुशमध्ये (भोकात बसणाऱ्या धातूच्या नळीत) बसवलेली आणि दोन्ही बाजूंनी धरलेली. शिवाय डाव्या-उजव्या पट्ट्या एकमेकींवर शिकंज्यात आवळून एकदमच ड्रिल करायला हव्या होत्या. हँडड्रिलने वेगवेगळी भोकं पाडली की मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक राहतोच, आणि तेवढ्यावर टेबल वर जाताना तिरकं होऊन अडकतं. तुमच्याकडे स्टँडवरची ड्रिल आणि लेथवर बुश काढून देणारा कुणी ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं वेल्डिंग चांगलं असून भागत नाही.

दुसरा धडा तेलाचा. एकदा रात्री लॉकचा दांडा, म्हणजे टेबल वरच अडकवून ठेवणारा लोखंडी दांडा, न घालता बाईक वर ठेवून झोपायला गेलो. सकाळी टेबल दोन बोटं खाली आलेलं. जॅक फुटला नव्हता, जमिनीवर तेलाचा थेंबही नव्हता. आतल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर बारीक कचरा अडकला किंवा सील जरा झिजलं की तेल आतल्या आत सरकत राहतं. म्हणून नियम असा की जॅकने फक्त उचलायचं, धरून ठेवायचं काम लोखंडाचं. टेबल हव्या त्या उंचीवर नेलं की लॉकचा दांडा घाला, मग जॅकचा व्हॉल्व्ह हळूच सैल करून सगळं वजन दांड्यावर बसवा, आणि त्यानंतरच पान्हा उचला. तयार लिफ्ट घेतानाही पहिली नजर या लॉकवर जाऊ द्या. पातळ सळई असेल किंवा लॉक एकाच उंचीवर बसत असेल तर ती लिफ्ट सोडून द्या.

घ्यायला जाताना बाकी काय बघायचं? बाजारात साधारण 450 किलो क्षमतेच्या लिफ्ट मिळतात आणि तुमच्या बाईकला त्या भरपूर झाल्या. पुढच्या टायरच्या टोकापासून मागच्या टायरच्या टोकापर्यंत टेप लावून बाईक मोजा आणि टेबलाची लांबी त्याच्याशी ताडून बघा. मागच्या चाकाखालची फळी निघणारी हवीच, नाहीतर मागचं चाक काढताना ते खाली सोडायला जागाच राहत नाही. पुढचं चाक धरणारा चॉक असा हवा की चाक आत गेलं की बाईक एकटी उभी राहील, म्हणजे पट्टे बांधायला दोन्ही हात मोकळे मिळतात.

गॅरेज मात्र आधी मोजा. लिफ्ट 80 सेंटिमीटर वर जाते, त्यावर आरशापर्यंत बाईक आणखी 115 सेंटिमीटर. म्हणजे 195 झाले, आणि तिथेच ट्यूबलाइट किंवा शटरची पेटी असते. लांबीचं तर आणखी विसरायला होतं: टेबल 220, रॅम्प 60, आणि रॅम्पच्या मागे बाईक सरळ रेषेत उभी करायला तिच्या लांबीएवढी जागा. सरळ पाच मीटर नसतील तर बाईक रॅम्पवर तिरकी चढते, आणि तिरकी चढणारी बाईकच पडते.

जागा कमी असेल किंवा काम महिन्यातून एकदाच निघत असेल तर मी आता वापरतो तसं स्थिर टेबल पुरेसं आहे. उंची 45 सेंटिमीटर, वर 18 मिलिमीटरचा प्लाय, खाली दर 30 सेंटिमीटरवर आडवा आधार, बुटक्या स्टुलावर बसून काम. रॅम्प 2.4 मीटर लांब ठेवा. त्या चढावर 200 किलोची बाईक ढकलायला सुमारे 38 किलोचा रेटा लागतो, म्हणून दोघंजण हवेतच. एकाने हँडल आणि ब्रेक धरायचा, दुसऱ्याने मागून रेटायचं. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून चढवू नका. रॅम्पचं वरचं टोक टेबलाला हुकाने अडकवलेलं हवं, कारण चाक वर चढताना रॅम्पला मागे ढकलतं. साइड स्टँड टेकतो तिथे प्लायवर लोखंडी पट्टी ठोका.

बांधायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण बाईक लिफ्टवरून पडते ती बहुतेक वेळा बांधणीमुळे. पट्टे हँडलच्या मुठींना लावू नका, हँडल फिरतं आणि पट्टा सैल पडतो. दोन्ही फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या नळ्या) जिथे खालच्या क्लॅम्पमध्ये धरलेले असतात तिथून पट्टे पुढे आणि बाहेरच्या बाजूला तिरके ओढा. फोर्क निम्मा दबेल एवढंच ताणा, पूर्ण दाबून ठेवू नका. मागून आणखी दोन पट्टे. चाकाच्या एक्सलचा नट आणि पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) नट बाईक जमिनीवर असतानाच मोकळे करून हातानं परत बसवा. वर नेऊन लांब पान्ह्याला झटके दिले की सगळा झटका पट्ट्यांवर येतो. पुढचं चाक काढायचं असेल तर फ्रेमखाली वेगळा आधार द्या आणि मागचे पट्टे पुन्हा ओढून घ्या. इंजिन उतरवलं की तोल एकदम बदलतो, तेव्हाही तेच.

नवी असो वा जुनी, कोणत्याही लिफ्टवर पहिल्यांदा बाईक चढवू नका. वाळूची पोती रचून 300 किलो करा, वर न्या, लॉक करा, चारही कोपऱ्यांची उंची जमिनीपासून मोजून खडूने लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. पोती वर असताना हात किंवा पाय खाली जाता कामा नये. मग तीच पोती लॉकशिवाय तासभर ठेवून बघा. जॅक किती सरकतो ते कळतं.

आता ब्रेक ऑइल. ते जॅकमध्ये अजिबात घालू नका. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, जॅकचं सील खनिज तेलासाठी केलेलं असतं. ब्रेक ऑइल लागलं की ते सील फुगतं, मऊ पडतं आणि वजनाखाली सुटतं. हायड्रॉलिक जॅकचंच तेल घ्या. आधीच्या मालकाने आत काय घातलं होतं हे माहीत नसेल तर सगळं काढून सील नवी बसवा, आणि भरल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-बारा वेळा पंप मारून आतली हवा काढून टाका.