रोमनेस्कच्या आधी फ्रँक लोकांची चर्च कशी असत? त्यातलं आज काही पाहायला मिळतं का?

आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लोक ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. तिकडे गोल कमानीच्या जुन्या चर्चचं ‘रोमनेस्क’ होतं, तसंच. रोमनेस्क सुरू होतं १०००च्या आगेमागे. तुम्ही विचारताय ते त्याआधीच्या पाचएकशे वर्षांचं, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीवर फ्रँक या जर्मानिक लोकांचं राज्य होतं तेव्हाचं, आणि त्यातलं फार थोडं उभं आहे.

बहुतेक चर्च म्हणजे लांबट दालन, दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी, वर लाकडी छप्पर. छप्पर जळायचं. नाही जळलं तरी संताच्या थडग्यापाशी गर्दी वाढायची, मग जुनं पाडून तिथेच मोठं बांधायचे. फ्रान्समधल्या तूर गावचं संत मार्टिनचं चर्च असंच गेलं. सहाव्या शतकातला तिथला बिशप ग्रेगरी मापं लिहून गेला म्हणून कळतं: लांबी १६० फूट, रुंदी ६०, खिडक्या ५२, खांब १२०.

डोळ्यांनी पाहायचं तर जर्मनीतलं आखेन गाठा. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या राजवाड्याचं हे चर्च ८००च्या सुमाराचं, बांधणारा मेट्सचा ओडो. आत अष्टकोन, बाहेरची भिंत सोळा बाजूंची, वर तीसेक मीटर उंच दगडी घुमट. नमुना इटलीत रावेन्नाला असलेल्या सान व्हितालेचा म्हणतात, पण तिथला हलकेपणा इथे नाही. सगळं जाडजूड, ठाम. मला तेच आवडलं.

मी सगळ्यात जास्त वेळ पाहिले ते वरच्या कमानींतले खांब. रोम आणि रावेन्नाहून शार्लमेनने मुद्दाम खांब आणि संगमरवर मागवला, आणि हे खांब तोलत काहीच नाहीत! १७९४मध्ये फ्रेंचांनी ते काढून पॅरिसला नेले, तरी कमानी जागच्या हलल्या नाहीत. काही खांब परत आले, काही अजून लूव्हरमध्ये आहेत. थोडक्यात, तो रोमचा थाट होता. घुमटातल्या चकचकीत मोझेइकला, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राला, मात्र भुलू नका, ते १९व्या शतकातलं.

फ्रँकांची स्वतःची कल्पना पाहायची तर जर्मनीतलंच कोर्वाय. ८७३ ते ८८५ दरम्यान मठाच्या चर्चला पश्चिमेकडून, म्हणजे प्रवेशाच्या बाजूने, मजलेदार दगडी भाग जोडला. तो उभा आहे. वरच्या मजल्यावर ग्रीक पुराणकथेतल्या ओडिसियसची समुद्रराक्षसीशी झुंज रंगवलेली आहे, तीही चर्चमध्ये!

फ्रान्समधल्या जेर्मिन्यी-दे-प्रेला गेलात तर गाभाऱ्यावरचं मोझेइक तेवढं नीट बघा. बाकी बरंचसं १९व्या शतकात नव्याने उभारलेलं आहे.