गच्चीवर माती टाकावी का?

प्रश्न : आम्ही शामरावनगरला राहतो. वळवाची एक मोठी सर आली की गल्लीत पाणी साचतं. आमची गच्ची हजार स्क्वेअर फुटांची आहे. मुलगा म्हणतो, कसबे डिग्रजच्या शेतातली माती ट्रॉलीनं आणून वर हिरवळ करू. पाणी वरच मुरेल, पुरालाही आळा बसेल. सासरे म्हणतात, स्लॅब गळेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हिरवळीचं मुलाचं ऐका, पण माती शेतातच राहू द्या.

आधी पुराचं. महापूर आपल्या गच्चीवरच्या पावसानं येत नाही, तो महाबळेश्वर-कोयनेकडून कृष्णेतून येतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५! तिथं गच्चीचं काही चालत नाही.

वळवाचं वेगळं. तुमच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि ते लगोलग पाइपातून गटारात उतरतं. सगळ्या गल्लीचं असं एकदम आल्यावर बिचारं गटार तुंबणारच. चार इंचांचा हलका थर कोरडा असेल तर त्यातलं पहिलं २०-२५ मिलिमीटर धरतो, बाकीचं सावकाश सोडतो. श्रावणात झड लागली की मात्र थर आधीच भिजलेला असतो, तेव्हा जवळजवळ सगळं खाली येतं. म्हणून खरा उपयोग वळवाच्या आणि परतीच्या पावसात. तोही एकट्या तुमच्या गच्चीनं जाणवायचा नाही, शेजारच्या दहा-बारा घरांना गाठा.

आता वजन. वावरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. भिजलेली काळी माती चार इंचांतच १८० च्या पुढे जाते. शिवाय ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि निचरा बंद करते. त्याऐवजी कोकोपीट, विटांचा चुरा, गांडूळखत असं हलकं मिश्रण घ्या, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला स्लॅब दाखवा. जुना असेल तर तो नको म्हणेल. मग विषय सोडा, त्याच्याशी हुज्जत नको.

सासऱ्यांची भीती रास्त आहे. जतकडच्या जुन्या माळवदावर माती असायची, पण ती पांढरी, पाणी आत न येऊ देणारी. आपल्याला नेमकं उलटं, पाणी धरणारं हवंय, त्यामुळे खालचं वॉटरप्रूफिंग चोख पाहिजे. ते झाल्यावर दोन-तीन दिवस गच्चीत पाणी तुंबवून खालचं छत बघा. ओल दिसली नाही तरच पुढे : मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड आणि मग मिश्रण. पाइपाच्या तोंडाभोवती वीतभर जागा खडीची ठेवा, जाळी हाताशी राहते.

झाडं उथळ मुळांची लावा : ऑफिस टाइम, घोळ, पानफुटी. पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटा. जादा पाणी शोषखड्ड्यात सोडायचा सल्ला कोणी देईल, पण आपल्या काळ्या जमिनीत तो भर पावसाळ्यात भरलेलाच असतो. त्यापेक्षा हजार लिटरची टाकी बसवा.