गणितात ‘दिलेलं आहे’ असं लिहिलेलं असतं ना, तिथे थांब

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, लगेच दोन ओळी टाकता आल्या असत्या पण मनासारखं लिहायचं होतं म्हणून आज निवांत बसलेय. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स, म्हणजे कारखान्यातलं काम कसं चालवायचं तो विषय, घ्यायचं तू ठरवलंस आणि घरचे म्हणतायत फायनान्स सोडून कारखान्यात कशाला जातेस. जा गं. मी बावीस वर्षं याच कामात आहे आणि मला अजून सकाळी शॉपफ्लोअरवर जावंसं वाटतं, यापेक्षा मोठी शिफारस माझ्याकडे नाही.

पण अभ्यास कसा करायचा विचारलंस, तर माझ्यावर गुदरलेलंच सांगते. एमबीए करून चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, लागले तेव्हा इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचा, म्हणजे एका खेपेला किती माल घ्यायचा ते काढायचा फॉर्म्युला तोंडपाठ होता, फोर्ड हॅरिसने 1913 साली मांडलेला, वर्गमूळवाला. मागणी इतकी, सेटअपचा म्हणजे मशीन दुसऱ्या पार्टसाठी तयार करायचा खर्च इतका, माल सांभाळायचा खर्च इतका, घाल आकडे आणि काढ बॅच. मी तसंच केलं. डाय म्हणजे प्रेसमधला साचा, तो बदलायला पावणेतीन तास लागायचे त्यामुळे उत्तर यायचं भलंमोठं, मग आम्ही एकदा डाय चढवली की एकच ब्रॅकेट दीड-दोन शिफ्ट मारत बसायचो, बिनांवर बिनं लागायची, जायला वाट नसायची आणि कस्टमरला नेमका दुसराच पार्ट हवा असायचा जो शिल्लकच नसायचा. दर शनिवारी ओव्हरटाइम. माझं गणित बरोबर होतं आणि फ्लोअरवर सगळा गोंधळ.

तिथला सेटर, म्हणजे प्रेसवर डाय चढवणारा, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, मला एकदा म्हणाला, मॅडम, एक दिवस माझ्याबरोबर डाय बदलायला उभ्या रहा. राहिले. घड्याळ घेऊन एकेक गोष्ट वहीत लिहिली. प्रेस बंद केल्यावर तो स्टोअरमधून डाय आणायला गेला, मग डाय उचलायचा होइस्ट दुसऱ्या लाइनवर अडकलेला म्हणून अर्धा तास बसलो, मग क्लॅम्पचे बोल्ट शोधले, चार वेगवेगळ्या मापाचे, ते पिळायला दोन पाने, मग खाली शिम म्हणजे पातळ पट्ट्या घालून उंची जमवली, पहिला पीस काढला, क्वालिटीवाला जेवायला गेला होता. पावणेतीन तासांत प्रेसवर हात लावून केलेलं काम एक तासाचंही भरलं नाही! जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी हेच शिकवलं की मशीन बंद असतानाच करावं लागतं ते काम कुठलं आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येतं ते कुठलं, हे वेगळं काढ. आम्ही डाय आधी आणून ट्रॉलीवर ठेवायला लागलो, बोल्ट एका मापाचे केले, शिमऐवजी सगळ्या डायची उंची सारखी करून घेतली. चार-पाच महिन्यांत वेळ चाळीस मिनिटांवर आला. आता परत त्या वर्गमूळाकडे बघ, सेटअपचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला की बॅच निम्मी होते. फॉर्म्युल्याची चूक कधीच नव्हती, मी त्यातला एक आकडा ‘दिलेला’ मानून गप्प बसले होते.

म्हणून परीक्षेच्या पेपरात ‘दिलेलं आहे’ दिसलं की मार्कांसाठी ते वापर, पण वहीच्या कडेला लिहून ठेव की हा आकडा एवढाच का?

दुसरं, रांगेचं गणित म्हणजे क्युइंग, मुलं ऑप्शनला टाकतात, तू टाकू नकोस. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इतका साधा आहे की शाळेतल्या पोराला कळेल, आत असलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे एका नगाला लागणारे दिवस. आमच्याकडे प्रेस ते पेंट मिळून 6400 ब्रॅकेट पडलेले, रोज जायचे 1600, म्हणजे चार दिवस. एका ब्रॅकेटला प्रत्यक्ष हात लागायचा तो सगळा मिळून दहा मिनिटंही नाही. उरलेला सगळा वेळ तो नुसता पडून.

आणि मशीन रिकामं दिसलं की चिडणारे साहेब तुला भेटतीलच, तेव्हा हे लक्षात असू दे. रांगेच्या अगदी साध्या मॉडेलमध्ये मशीन 80 टक्के बिझी असेल तर सरासरी 4 कामं तिथे अडकलेली असतात, 90 ला 9, 95 ला 19. शेवटच्या त्या पाच टक्क्यांसाठी रांग दुपटीच्या वर जाते. काम कधी येईल, किती वेळ खाईल हे जितकं बेभरवशाचं, तितका मशीनला मोकळा वेळ जास्त ठेवावा लागतो.

मुंबईच्या डबेवाल्यांची केस तुम्हाला असेलच, वर्गात सगळे सिक्स सिग्माबद्दल, म्हणजे जवळजवळ न चुकण्याबद्दल, बोलतात आणि टाळ्या पडतात. तू त्यात दुसरं बघ. मोठ्या स्टेशनवर लोकलमध्ये डबे चढवायला 40 सेकंद, मधल्या स्टेशनवर 20, वेळ ताणायची सोयच नाही, आणि तरीही प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची ठेवलेली असतात, जिथे कमी पडेल तिथे धावायला. कागदावर बघणारा म्हणेल ही माणसं कमी करा. मला विचारशील तर ती व्यवस्था उभी आहे ती बऱ्याच अंशी त्यांच्या खांद्यावर.

बाकी सॉफ्टवेअरची फार काळजी करू नकोस, एक्सेल आणि त्यातला सर्वांत चांगला पर्याय शोधून देणारा सॉल्व्हर नीट येऊ दे, पुढचं कंपनीत शिकवतात. प्रोबॅबिलिटी मात्र कच्ची असेल तर या सुट्टीतच पक्की कर, पहिल्या महिन्यात तिथेच मुलं मागे पडतात.

समर्सला, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपला, प्लँट मिळाला तर पहिला आठवडा लॅपटॉप उघडू नकोस. एक पार्ट धर, कच्चा माल आत येतो त्या गेटपासून डिस्पॅचपर्यंत त्याच्या मागे चालत जा, जिथे थांबेल तिथे वेळ लिही आणि जवळच्या माणसाला विचार हे इथे का थांबलंय. ऑपरेटरला दादा म्हण, काका म्हण, तो जेवत असताना प्रश्न विचारू नकोस, आणि त्याने सांगितलेली गोष्ट प्रेझेंटेशनमध्ये आली तर त्याचं नाव स्लाइडवर घाल. आमच्या रिपोर्टवर त्या सेटरचं नाव मी घातलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

एक तरी नाइट शिफ्ट कर, घरच्यांशी मी बोलते. सेफ्टी शूज आताच घेऊन रोज घालायला लाग, नवे बूट घालून बारा तास उभं राहवत नाही. आणि ती वही भरली की मला फोटो पाठव, टाइप करत बसू नकोस.

तुझी,
मावशी