स्प्रिंट शिकवायची तर आधी अंतर कमी करा

वर्गात चाळीस मुलं, दर आठवड्याला १०० मीटर पळवून वेळ घेतो, तरी पळण्यात फरक पडत नाही, मग स्प्रिंट (कमी अंतराची वेगवान धाव) आणि कारक कौशल्यं (शरीराच्या हालचालींवरचा ताबा) शिकवायची कशी, असं तुम्ही शिक्षक म्हणून विचारलंय. माझं स्पष्ट मत सांगतो. यात मुलांची परीक्षा होतेय, शिकवणं राहून जातंय.

१०० मीटर शाळकरी वयाला फार होतात. २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम करताना उसेन बोल्टनेही कमाल वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात गाठला, नंतर तोही मंदावला. शाळकरी मुलं त्याच्या कितीतरी आधी कमाल वेगाला पोचतात. उरलेलं अंतर दमून, वेडंवाकडं पळतात आणि तेच अंगवळणी पडतं. २०-३० मीटर पुरेत. पुढे थांबायला पंधराएक मीटर मोकळी जागा हवीच. समोर भिंत दिसली की मुलं आधीच वेग आवरतात.

विश्रांतीचा ठोकताळा: दर १० मीटरला एक मिनिट. इथे मोठा वर्ग उपयोगीच पडतो. पाच-पाच जणांचे आठ गट करा, अर्ध्या मिनिटाने एकेक गट सोडा. पुन्हा पाळी यायला चार मिनिटं लागतात. तोवर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची एकच गोष्ट बघायची, हात.

हातांपासूनच सुरुवात करा. बहुतेक मुलं ते छातीसमोर आडवे फिरवतात. मग खांदे वळतात, कंबर वळते, तोल सांभाळण्यातच ताकद जाते. "कोपर मागे मार" एवढंच सांगा. "मोठी पावलं टाक" मात्र कधीच नको! त्याने पाय शरीराच्या फार पुढे, टाचेवर पडतो आणि दर पावलाला ब्रेक लागतो. पाय कमरेखाली, चवड्यावर पडला पाहिजे; त्यासाठी "जमीन मागे ढकल" ही सूचना मुलांना पटकन कळते.

कारक कौशल्यांचं म्हणाल तर खरी मजा सुरुवातीत आहे. पालथं झोपून, पाठमोरं बसून, एका गुडघ्यावर, अशा वेगवेगळ्या स्थितींतून उठून पळायला लावा. इशाराही बदला: कधी टाळी, कधी नुसता हात. एकाने काही पावलांवर उभं राहून खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा, दुसऱ्याने दुसरा टप्पा पडायच्या आत पकडायचा. प्रतिक्रिया, तोल, डोळा-हात समन्वय, सगळं एका खेळात येतं, आणि मागे पडणारं मूलही जीव तोडून पळतं. जमलं की अंतर पाऊलभर वाढवा.

क्राउच स्टार्टची (हात जमिनीला टेकवून, वाकून केलेल्या सुरुवातीची) घाई नको, त्याला पायांत ताकद लागते. स्टॉपवॉच सत्रातून दोनदा काढा, आणि तुलना ज्याची त्याच्याच आधीच्या वेळेशी करा.